कापडाचं फूल, कातड्याचं फूल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



लग्नात सकाळी माळलेला मोगऱ्याचा गजरा संध्याकाळच्या स्वागत समारंभापर्यंत कसा होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. कळ्यांच्या कडा तांबूस होतात, दोरा सैल पडतो आणि फोटोच्या वेळी कुणीतरी हळूच म्हणतं, "अगं, गजरा काढून टाक आता." गजऱ्याला त्याचा दोष कुणी देत नाही. कोमेजणं हा फुलाचा धर्मच आहे. मी मात्र गेली बरीच वर्षं न कोमेजणारी फुलं करते आहे. कापडाची करते आणि अलीकडे कातड्याचीही. अंबाड्यात खोचायची, साडीच्या पदराला किंवा शालीला पिनेने लावायची. आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

सुरुवात अगदी साधी झाली. मी ब्लाउज शिवून देत असे. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक घरात चिंध्यांची एक पिशवी असते. टाकवत नाही आणि उपयोगही सुचत नाही, अशी ती पिशवी. एका नवरीच्या ब्लाउजपीसमधून उरलेल्या जांभळ्या रेशमाचं मी सहज एक फूल केलं. लांब पट्टी कापली, एका कडेला धावदोरा घातला, दोरा ओढून चुण्या पाडल्या आणि गुंडाळलं. झालं गुलाबासारखं काहीतरी. नवरीने ते वेणीत खोचलं आणि तिच्या तीन मैत्रिणी माझ्याकडे आल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे काम नीट शिकलं पाहिजे.

या कामात कापडाला खळ देणं सर्वांत महत्त्वाचं. साड्यांना देतो तीच साबुदाण्याची खळ, फक्त जरा घट्ट. साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा, त्यात सुती कापड किंवा ऑर्गंडी बुडवायची आणि काचेवर पसरून वाळवायची. कापड कागदासारखं कडक झालं की पाकळ्या कापायच्या, पण त्या तिरक्या वाणात. उभ्या-आडव्या धाग्यात कापलेली पाकळी ताठ उभी राहते आणि तिच्या कडेचे धागे लगेच सुटतात. तिरकी कापली की ती खऱ्या पाकळीसारखी वळते. मग रेतीने भरलेल्या छोट्या उशीवर पाकळी ठेवायची आणि गरम केलेल्या डावाची पाठ तिच्यावर दाबायची. पाकळी वाटीसारखी खोलगट होते. या कामासाठी लाकडी मुठीची, गोल डोक्याची खास लोखंडी हत्यारं मिळतात. मी मात्र अजून स्वयंपाकघरातले चमचेच वापरते.

सॅटिनची गोष्ट वेगळी. बाजारातलं बहुतेक सॅटिन पॉलिएस्टरचं असतं. त्याची कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेली की ती वितळून आत वळते आणि धागे आपोआप बंद होतात. सुती कापडावर हा प्रयोग करू नका. ते वितळत नाही, पेट घेतं. माझ्या एका विद्यार्थिनीने पदराची कड जाळून हे शिकून घेतलं आहे. मीही फसले आहेच. परागकण खरे दिसावेत म्हणून मी हळद लावलेला रवा डिंकावर चिकटवत असे. फुलं सुरेख दिसायची. पावसाळ्यानंतर डबा उघडला तर फुलांत पोरकिडे!

ही कला जगभर आहे. जपानमध्ये रेशमाचे लहानलहान चौकोनी तुकडे चिमट्याने दुमडून तांदळाच्या चिकीवर बसवतात आणि त्यांची केसांत माळायची फुलं करतात. क्योतोमधल्या शिकाऊ नर्तकी, ज्यांना 'माइको' म्हणतात, त्या महिन्यागणिक वेगळं फूल माळतात. पॅरिसमध्ये लमारिए नावाची कार्यशाळा १८८० मध्ये पिसांच्या कामासाठी सुरू झाली. पुढे शॅनेलच्या पोशाखांवरची कॅमेलियाची फुलं करण्यासाठी तिचं नाव झालं. तिथे आजही पाकळ्या हाताने वळवल्या जातात.

पण या फुलांना दुसरी बाजूही आहे. १८६१ मध्ये लंडनमध्ये मटिल्डा शूरर नावाची एकोणीस वर्षांची मुलगी वारली. ती कापडाच्या पानांवर हिरवी भुकटी शिंपडण्याचं काम करत असे. त्या सुंदर हिरव्या रंगात आर्सेनिक, म्हणजे सोमल होता. पुढे अमेरिकेत मेरी व्हॅन क्लीक यांनी न्यूयॉर्कमधल्या फुलं करणाऱ्या बायकांची पाहणी केली आणि १९१३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. कोंदट खोल्यांतून आई आणि तिची लहान मुलं रात्री उशिरापर्यंत नगावर फुलं करत बसत आणि हातात पडत ते मोजके सेंट. टोपीवर ते फूल मिरवणाऱ्या बाईला त्या खोलीची कल्पनाही नसेल. हे वाचल्यापासून, फूल कुणी केलं आणि त्याला काय मिळालं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आता कातड्याकडे येते. आमचं सासर कोल्हापूरकडचं. तिथे चपला घ्यायला गेले असताना कारागिरांच्या दुकानामागे कातड्याच्या तुकड्यांचा ढीग दिसला. माझा हात चिंध्यांच्या सवयीने आपोआप तिकडे गेला. दुकानातल्या म्हाताऱ्या मामांनी विचारलं, "काय करनार ताई ह्याचं?" मी म्हटलं, "फुलं करून बघते." मामांना वाटलं, भिंतीवर लावायची असतील. मी म्हटलं, "नाही मामा, केसात माळायची." त्यांचा हात थांबला. म्हणाले, "कातडं? केसात माळनार व्हय तुमी?"

त्या प्रश्नात नुसतं नवल नव्हतं. ज्या कामामुळे त्यांच्या आजोबा-पणजोबांना लोकांनी गावाबाहेर ठेवलं, अंगणात येऊ दिलं नाही, त्या कामातला तुकडा कुणी बाई डोक्यावर मिरवणार, हे त्यांना खरं वाटेना. चपलेच्या पट्ट्यावर कातड्याची जी बारीक गुंफण असते, तिला हे कारागीर 'वेणी'च म्हणतात. म्हणजे शब्द एकच. एक वेणी डोक्यावर आणि दुसरी पायात. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामा हसले आणि त्यांनी तुकडे वजन न करताच पिशवीत भरून दिले.

काम मात्र त्यांनीच शिकवलं. सगळं कातडं फुलाला चालत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं. ते पाणी पितं, ओलं असताना द्यावा तो आकार घेतं आणि वाळल्यावर तोच धरून ठेवतं. क्रोमने कमावलेलं कातडं मऊ असतं, पण कितीही वळवलं तरी पुन्हा सपाट व्हायला बघतं. ओळखायची खूण सोपी आहे. कापलेली कड पाहायची. क्रोमच्या कातड्याची कड आतून बरेचदा निळसर-करडी दिसते, हिरड्या-बाभळीची तपकिरी.

पाकळ्या साधारण एक मिलिमीटर जाडीच्या कातड्यातून कापायच्या. कडा रापीने तासून पातळ करायच्या. त्या तासल्या नाहीत तर फूल जोड्याच्या तळव्यासारखं दिसतं. मग पाकळी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची आणि जरा वेळ तशीच ठेवायची. ओला गडद रंग थोडा फिका व्हायला लागला, की बोटांनी वळवायची. शिरा उमटवायला बोथट सुई पुरते. पाकळ्या रात्रभर सावलीत वाळवायच्या. उन्हात घाई केली तर कातडं तडकतं. सकाळी तेलाचा अगदी हलका हात फिरवायचा, पाकळ्या आरीने भोकं पाडून शिवायच्या आणि मागे कातड्याची गोल टिकली लावून तिच्यात पिन बसवायची.

माझं पहिलं फूल पांढुरक्या रंगाचं होतं. ते लोखंडी तारेने बांधून मी ओलंच ठेवलं. सकाळी पाहते तर मधोमध शाई सांडल्यासारखे काळे डाग. मामा म्हणाले, "लोखंडाचा आन् हिरड्याचा संग आला की काळंच व्हनार." मग आठवलं, की जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाईच करत. तेव्हापासून मी पितळेची तार वापरते.

आता घरातली गोष्ट. फुलं वाळत घातलेलं ताट मी नकळत देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं. सासूबाईंनी ते उचलायला लावलं. "चामडं आहे ना ते? देवाजवळ नको." मी म्हटलं, "आई, भजनाच्या मृदंगाला काय असतं?" त्या म्हणाल्या, "मृदंगाचं वेगळं." का वेगळं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही वाद घातला नाही. ताट मागच्या खोलीत गेलं.

सासूबाईंना फुलांची फार आवड. अंगणातला मोगरा, अबोली सगळं त्यांनीच लावलेलं. मामंजी गेले त्या दिवसापासून मात्र त्यांनी एक फूल माळलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. पण कुणी 'माळा' असंही म्हटलं नाही. मीही नाही. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आम्ही ती बातमी घरात मोठ्याने वाचली. सासूबाईंनी शांतपणे ऐकली आणि उठून मोगऱ्याला पाणी घालायला गेल्या. दुसऱ्या दिवशी मी ओंजळभर कळ्यांचा गजरा करून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि देवीच्या तसबिरीला घातला.

त्या हिवाळ्यात नात्यातलं एक लग्न होतं. निघताना त्यांची शाल खांद्यावरून सारखी घसरत होती. माझ्या डब्यात एक कातड्याचं फूल होतं, तपकिरी, पाच पाकळ्यांचं, मागे भक्कम पिन असलेलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे लाव गं शालीला." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तशा त्या म्हणाल्या, "बघतेस काय? फूल कुठलं हे, चामडंच तर आहे."

म्हणजे देवघरात ते चामडं होतं म्हणून चाललं नाही आणि खांद्यावर ते फूल नव्हतं म्हणून चाललं! मी हसू दाबत पिन लावली. लग्नात चारजणींनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, "आमच्या सुनेनं केलंय." चामडं असल्याचं त्या बोलल्या नाहीत. ते फूल आता त्यांच्या कपाटात असतं. अजूनही त्या मोगरा माळत नाहीत.

शेवटी पैशांचं सांगते, कारण भगिनी ते नेहमी विचारतात. कापडाच्या एका चांगल्या गुलाबाला मला दीड तास लागतो. कातड्याच्या फुलाला दोन तास आणि वाळवण्याची रात्र. बाजारात साच्यातून निघालेलं फूल वीस रुपयांना मिळतं. त्याच्याशी किमतीत बरोबरी करायला गेलात तर न्यूयॉर्कच्या त्या खोलीतच जाऊन बसाल. म्हणून आधी तासांचा हिशेब करा आणि मग किंमत सांगा. गिऱ्हाईक कमी येतील, पण येतील ती टिकतील.

हाच हिशेब मला मामांकडे परत घेऊन गेला. फुकट दिलेल्या तुकड्यांवर मी पैसे मिळवत होते आणि रापी कशी धरायची हेही त्यांनीच शिकवलेलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, तेव्हा आपण सगळेच संतापलो. टीकेनंतर कंपनीने त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य केली. मीही तेव्हा तावातावाने बोलले. मग वाटलं, मी तरी माझ्या फुलांसोबत कुणाचं नाव सांगते? आता मी तुकडे वजनावर विकत घेते. पाकळ्या तासण्याचं काम मामांची सून करते. तिचा तास आणि माझा तास एकाच दराने लावते. तिने गेल्या वेळी स्वतःच्या मनाने एक कमळ करून पाठवलं, माझ्या कमळापेक्षा सरस. त्याची किंमत तिने सांगितली, मी नाही.

मामांना मी ते अंबाड्यात खोचून दाखवायला गेले होते. त्यांनी चष्मा लावून मागून नीट पाहिलं आणि म्हणाले, "डावीकडची पाकळी जरा जाड ऱ्हायली बघा." सून दारातच उभी होती. ती म्हणाली, "पुढल्या येळी बारीक तासते."

तेव्हा श्रोतेहो, घरातली चिंध्यांची पिशवी आज एकदा उघडून बघा. एक तुकडा, एक सुई आणि थोडी साबुदाण्याची खळ, एवढं सुरुवातीला पुरे. रवा मात्र वापरू नका.