पन्नास हजार कोणाच्या खिशातून?



मराठीत ‘तडीपार’ म्हणतात, बुऱ्हाणपूरच्या सरकारी कागदावर ‘जिलाबदर’. तापीच्या या काठावर दोन्ही शब्द सारखेच कळतात: घर, शेत, आठवडी बाजार सोडून माणसाने जिल्ह्याबाहेर राहायचं.

जानेवारी २०२४ मध्ये इथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी जागृत आदिवासी दलित संघटनेच्या एका कार्यकर्त्यावर वर्षभरासाठी असाच आदेश काढला. ही संघटना वनहक्कांवरून आणि बेकायदा जंगलतोडीवरून प्रशासनाला जाब विचारत होती. आदेशाला आधार घेतला होता १९९० च्या मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियमाचा. इंदूरच्या विभागीय आयुक्तांनी अपील फेटाळलं. मग जबलपूरचं उच्च न्यायालय.

जानेवारी २०२५ मध्ये न्या. विवेक अग्रवाल यांनी आदेश रद्द केला. कार्यकर्त्यावरचे गुन्हे बहुतेक वन कायद्याखालचे. हद्दपारीच्या कलमात ते बसतच नव्हते. राज्यावर ५०,००० रुपये खर्च बसला, आणि ही रक्कम संबंधित कलेक्टरकडून वसूल करण्याची मुभा राज्याला मिळाली. निकाल लागला तेव्हा हद्दपारीचं वर्ष जवळजवळ भरत आलं होतं.

या निकालातली वसुलीची ओळ वकिलांनी पुन्हा वाचावी अशी आहे.

सरकारविरुद्धचा कोणताही दावा उघडून पाहा. वादीचं नाव, वय, धंदा, राहणार अमुक गाव, सगळं तपशीलवार. समोर मात्र ‘मध्य प्रदेश शासन, तर्फे कलेक्टर’. दिवाणी संहितेच्या कलम ८० ची नोटीस त्याच कचेरीत द्यायची आणि दोन महिने थांबायचं. तोवर सही करणाऱ्याची बदली होते, खुर्ची तिथेच राहते. सरकार दावा हरलं तर पैसे तिजोरीतून, म्हणजे वादीनेही भरलेल्या करातून.

एके काळी तिजोरीही उघडत नसे. १९४७ साली मेरठच्या पोलिसांनी एका सराफाचं सोनं-चांदी जप्त केलं. मालखाना सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल ते सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांची हयगय सिद्ध झाली, तरी १९६४ च्या कस्तुरीलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटक आणि जप्ती हे सार्वभौम काम, भरपाई नाही. त्या विचाराचं मूळ कंपनी सरकारच्या काळातलं.

पुढे वाट बदलली. रुदुल शाह निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात चौदा वर्षं खितपत पडला; १९८३ मध्ये रिट अर्जातच त्याला भरपाई मिळाली. १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरण निकालाने तर मनमानी करणाऱ्या अधिकाऱ्याकडूनच रक्कम वसूल करण्याचा रस्ता दाखवला.

बुऱ्हाणपूरचा आदेश त्याच रस्त्यावरचा. मात्र ‘मुभा’ म्हणजे वसुली नव्हे. ती झाली का, कोणत्या तारखेला, कोणाच्या पगारातून, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला नावानिशी प्रतिवादी करणं आणि खर्च त्याच्याकडून मागणं हेही न्यायालयातल्या अर्जाच्या मसुद्यातच लिहावं लागतं, युक्तिवादाच्या शेवटी आठवून चालत नाही.

दुपारच्या सत्रात तरुण वकील मसुदे घेऊन बसणार आहेत. सुरुवात प्रतिवादी क्रमांक दोनपासून, म्हणजे सही करणाऱ्याच्या नावापासून व्हावी.