खिडकी वेगळी, घर मात्र तेच



अकोले तालुक्यातील राजूर हे सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी वाड्यापाड्यांचे बाजाराचे गाव. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही येथेच आहे. सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज ही या परिसरातील माणसाची नित्याची निकड. लोकसेवा हक्काचा कायदा राज्यात २०१५ साली झाला आणि यांपैकी बरीच कामे संगणकाच्या पडद्यावर आली. परंतु ब्राउझरमध्ये दहा पाने एकदम उघडलेली असली, की हवे ते पान शोधण्यातच वेळ जातो आणि रांग खोळंबते.

यावर एक साधा उपाय आहे. नेहमीच्या संकेतस्थळाला संगणकावर स्वतःचे चिन्ह व स्वतंत्र खिडकी देता येते. मोझिलाच्या ‘प्रिझम’ने २००७ साली हा प्रयोग केला, २०११ मध्ये तो थांबला. २००८ साली आलेल्या गूगल क्रोममध्येही अशी सोय होती. आज क्रोम व एज या ब्राउझरांच्या मेनूतून संकेतस्थळ ॲप म्हणून बसविता येते.

याचे तंत्र फारसे अवघड नाही. संकेतस्थळ ‘मॅनिफेस्ट’ नावाचे एक छोटे माहितीपत्रक देते. ॲपचे नाव, चिन्ह, आरंभीचे पान आणि खिडकी स्वतंत्र असावी ही सूचना त्यात असते. ज्या स्थळाने असे पत्रक दिलेले नाही, तेथे ब्राउझरमध्ये बसविलेली छोटी स्क्रिप्ट ते पानाला जोडू शकते. अशाच स्क्रिप्टने अक्षरे मोठी करता येतात, अनावश्यक मजकूर झाकता येतो. वृद्ध शेतकऱ्याला किंवा नवशिक्या विद्यार्थ्याला त्याचा मोठा आधार होतो.

तथापि, खिडकी वेगळी झाली म्हणून घर वेगळे होत नाही, हे विसरता कामा नये. हे ॲप आतून ब्राउझरच असते. संकेतस्थळाने माहिती साठविण्याची खास व्यवस्था केली नसेल, तर इंटरनेट खंडित होताच तेही थांबते. ब्राउझरमधील लॉगिन सामान्यतः याही खिडकीत चालू राहते. म्हणून सामाईक संगणकावर नुसती खिडकी बंद करून उठणे धोक्याचे. एका विद्यार्थ्याचा अर्ज, त्याचा बँक खात्याचा तपशील मागून येणाऱ्यासमोर उघडा राहू शकतो. काम संपताच ‘लॉग आउट’ केलेच पाहिजे.

दुसरी दक्षता पत्त्याची. या खिडकीत पत्त्याची पट्टी सहसा दिसत नाही. तेव्हा ॲप बसविण्यापूर्वीच पत्ता अक्षरशः तपासावा. राज्य शासनाच्या बहुतेक स्थळांच्या पत्त्यात ‘गव्ह डॉट इन’ असते. केवळ राजमुद्रा पाहून विश्वास ठेवू नये; चित्र कोणालाही उतरविता येते. अनोळखी स्क्रिप्ट तर कधीही बसवू नये. जी स्क्रिप्ट पानावरील अक्षरे मोठी करू शकते, ती तेथे टंकलेला पासवर्डही वाचू शकते.

डोंगरातून पायपीट करून आलेल्या माणसाचे काम एका टिचकीत सुरू व्हावे, आणि त्याची कागदपत्रे त्याचीच राहावीत. या दोन्ही गोष्टी साधल्या, तरच ही सोय खऱ्या अर्थाने जनतेची सोय ठरेल.