उलटे आटे आणि सहा व्होल्ट



मी भिलाई-३ मधून बोलतोय. रायपूर आणि दुर्गच्या मध्ये, जीई रोडला लागून आमचं गाव, शेजारी चरोद्याचं मोठं रेल्वे यार्ड. फौजेतून निवृत्त झाल्यावर इथं घर बांधलं आणि घरामागच्या शेडमध्ये एक जुनी प्लिमथ आणून उभी केली. १९५१ चं मॉडेल. सहा सिलिंडरचं साइड वाल्व इंजिन, साधारण ३.६ लिटरचं, ९७ अश्वशक्तीचं.

गाडी अमेरिकन खरी, पण तिचं आपल्याशी नातं आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी करार करून कुर्ल्यात कारखाना उभारला. डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या तिथं जोडल्या जात. त्याआधी १९२८ पासून जनरल मोटर्स शिवडीला गाड्या जोडत होती. पुढे सरकारनं धोरण ठरवलं की नुसती जोडणी नको, सुटे भाग इथंच बनवा. मग १९५४ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. मुंबईत कित्येक वर्षं डॉज आणि प्लिमथ टॅक्सी म्हणून धावल्या, हे आमच्या पिढीला आठवत असेल.

आता, शेडमध्ये येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो. 'साहेब, यात डिझेल इंजिन का नाही टाकत? खर्च निम्मा होईल.' हिशेब चुकीचा नाही. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या अमेरिकन गाड्यांचं आणि जीपचं असंच झालं. त्या चालत राहिल्या, म्हणून भंगारात गेल्या नाहीत, हेही खरं. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण मला पोटासाठी चालवायची नाही, मग मी तिचं काळीज का बदलू? म्हणून मी मूळ इंजिनच ठेवायचं ठरवलं. ते कसं जमतं, तेच आज सांगतो.

पहिलं, पाणी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या पंपामागे एक लांब पत्र्याची नळी असते. थंड पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचवणं हे तिचं काम. सत्तर वर्षांत ती गंजून चाळणी होते. पुढचे सिलिंडर थंड राहतात, मागचे तापतात, आणि डॅशबोर्डवरचा काटा हे सांगेलच असं नाही. लोक रेडिएटर बदलतात, पंखा बदलतात, गाडी तापायची थांबत नाही. रेडिएटर आणि पंप उतरवून ती नळी ओढून काढा. तुकड्यातुकड्यांनी निघते, घाई करू नका. नवी नळी पितळेची बसवा.

दुसरं, वीज. ही गाडी सहा व्होल्टची आहे, आणि बॅटरीचं धन टोक चॅसीला जोडलेलं असतं. आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. इलेक्ट्रिशियन सवयीनं ऋण टोक चॅसीला लावतो, म्हणून बॅटरीच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. 'सहा व्होल्टवर सेल्फ मरतुकडा चालतो' अशी तक्रार असते. कारण बहुतेक वेळा केबल. तेवढ्याच कामाला अर्ध्या व्होल्टेजवर दुप्पट करंट लागतो. तीच बारीक तार वापरली, तर तिच्यात वाया जाणारा हिस्सा चौपट होतो. बोटाएवढी जाड केबल घाला, अर्थिंगची जागा घासून चकचकीत करा. बारा व्होल्ट करायची गरज पडत नाही.

तिसरं, चाकं आणि ब्रेक. इथं जिवाचा प्रश्न आहे. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात. टोकावर इंग्रजी एल हे अक्षर असतं, पण रंगाखाली ते दिसत नाही. एका पंक्चरवाल्यानं पाइप लावून जोर केला आणि दोन बोल्ट मोडले. मग बाजारातून आणलेले १२ मिलिमीटरचे बोल्ट कुणीतरी बसवू पाहतं. मूळ बोल्ट अर्धा इंची, इंचाला २० आटे, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर अंतर. मेट्रिक बारीक आट्याचा बोल्ट १.२५ चा. उजव्या चाकात तो शिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण व्यास कमी असल्यानं आटे वरवरच धरतात. असं चाक रस्त्यावर सुटू शकतं.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकच, सर्किट एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून रंगावर एक रुपया खर्च करण्याआधी सगळे पाइप, होज आणि व्हील सिलिंडर नवे करा. हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक गाडी धरत नाही. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

चौथं, पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा शोषतं, आणि जुनं रबर व बूच खातं. इंधनाचे होज आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

ही कामं एकट्याची नाहीत. माझ्या शेजारी एक निवृत्त टर्नर राहतात. आमचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तिथं सगळी मापं मिलिमीटरमध्ये. त्या लेथवर आयुष्य घालवलेला हा माणूस सत्तरीत माझ्यासाठी इंची आटे काढायला शिकला. अमेरिकन गाडीचे उलट्या आट्यांचे बोल्ट भिलाईत बनले. पण आता त्यांचा हात थरथरतो. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न मला गाडीपेक्षा मोठा वाटतो. म्हणून प्रत्येक भागाचं माप, नकाशा आणि काम कसं केलं, हे सगळं मी वहीत उतरवतो. शेडमध्ये येणारी दोन मुलं छत्तीसगढी आहेत, त्यांना वाचता यावी म्हणून वही हिंदीत आहे. फौजेत गाडीची पाहणी निघण्याआधी, थांब्यावर आणि परतल्यावर अशी तिन्ही वेळा होते. तीच शिस्त मुलांना लावली आहे.

आता कायद्याचं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी त्यात नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पुनर्नोंदणीला ५,०००. आधीपासून नोंद असेल, तर जुना नंबर राखता येतो. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, पण रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठी रस्त्यावर काढता येते. म्हणजे डिझेल इंजिन टाकून वाचवलेले पैसे या दारापाशी अडकू शकतात. मूळ इंजिन काढलंच असेल, तर भंगारात देऊ नका.

तुमच्या आजोळी, वाड्यात, गोठ्यात अशी एखादी गाडी पडून असेल, तर तीन गोष्टी करा. चावी फिरवू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग इंजिन हातानं फिरवून पाहा. आणि जुनं आरसी पुस्तक शोधा. गंज काढता येतो, हरवलेला कागद परत मिळवणं त्याहून अवघड.