खांदा धरलाय, काम सुटलेलं नाही

(मालवण किनारपट्टीवरील महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दारू, मारझोड, पोटगी हे विषय निघाले की आपल्या बैठकीत बाया धडाधडा बोलतात. खांद्याबद्दल कुणी बोलत नाही. बैठक संपल्यावर एखादी मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, "बाय, माझो हात वर जाणा नाय." जरा खोदून विचारलं की कळतं, सहा महिने झाले, तिला स्वतःची वेणी घालता आलेली नाही. ब्लाऊजचा हूक मुलगी लावते. मुलगी शाळेत गेली असली की ही बाई दिवसभर गाऊनवर, म्हणून बाजारातही जात नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. आणि हे सगळं ती "वय झालं" या दोन शब्दांत गुंडाळून ठेवते. वय किती? अठ्ठेचाळीस.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. जे सांगते ते फिजिओथेरपिस्टकडून समजून घेतलेलं आणि बायांबरोबर भिंतीशी उभं राहून केलेलं.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती सुजते, जाड होते, आक्रसते. मग हात नुसता आपल्यालाच उचलता येत नाही असं नाही, दुसरीने धरून उचलला तरी तो अडतो. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवून बघा, तिथे आधी कळतं. कॉडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली याला 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे गोठलेला खांदा म्हटलं. जपानमध्ये याचं नावच 'पन्नाशीचा खांदा' आहे. चाळिशी ते साठीच्या दरम्यान तो येतो, पुरुषांपेक्षा बायांना जास्त. मधुमेह असेल तर शक्यता कितीतरी वाढते, थायरॉइडचा त्रास असला तरी वाढते. म्हणून खांदा धरला की आधी रक्तातली साखर तपासा. तिशीनंतरच्या सगळ्यांची ही तपासणी उपकेंद्रात फुकट व्हायची असते. आपल्या आशाताईला विचारा, मागून घ्या.

आता आपल्या कामाचं. लिलावात मासे घेऊन पाटी डोक्यावर चढवणं, वाळूत मासळी सुकत घालणं, विहिरीचं पाणी ओढणं, काजू फोडणं. या कामांनीच खांदा गोठतो असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण वर्षानुवर्षं हात वर करून ओझं पेललं की खांद्याच्या शिरा झिजतात, फाटतातही, आणि ते दुखणं वेगळं. त्यात हात आपला आपण उचलवत नाही, पण दुसरीने उचलला तर बहुधा जातो. दोन्हींचे व्यायाम सारखे नाहीत, म्हणून एकदा तरी जाणकाराने खांदा हातात घेऊन बघायला हवा.

इथेच खरी अडचण आहे. जिल्हा रुग्णालय ओरोसला. किनाऱ्यावरच्या वाडीतून तिथे जायचं तर दिवस मोडतो. २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, चांगलंच आहे, पण मोडलेला दिवस अर्ध्या तिकिटाने भरून निघत नाही. "मासे कोण इकतला?" हा तिचा प्रश्न असतो. मग ती गोळी घेते, वर कुणाकडून तरी तेल लावून हिसका मारून घेते. हिसका मारू देऊ नका. आक्रसलेली पिशवी हिसक्याने सुटत नाही, आणि हाडं ठिसूळ झालेली असली तर मोडतात.

व्यायामाला मात्र यंत्र लागत नाही. चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबकळू द्या, घड्याळाच्या लंबकासारखा हळूहळू झुलवा. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढा, जिथवर पोचलात तिथे कोळशाने खूण करा. आठवड्याने ती खूण किती सरकली ते स्वतः बघा. पाठीवर पडून दोन्ही हातांनी काठी धरा आणि चांगल्या हाताच्या जोराने दुखऱ्याला डोक्याकडे न्या. पाठीमागे पंचाचं एक टोक वरून, एक खालून धरून ओढा, पण हे शेवटी, दुखणं उतरल्यावर. आधी दहा मिनिटं गरम पाण्याचा शेक. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं. ताण जाणवला पाहिजे, पण थोड्या वेळात निवला पाहिजे. रात्रभर ठणकलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी करायचं. पहिले काही महिने, जेव्हा नुसत्या हालचालीने जीव जातो, तेव्हा रेटून काही करायचं नाही. त्या काळात सांध्यात इंजेक्शन दिल्याने पुष्कळींना आराम पडतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, तेवढं डॉक्टरांना आधी सांगा.

वेळ लागतो. वर्ष, दोन वर्षं, कधी तीन. कुणी लगेच ऑपरेशन सुचवलं तर हे लक्षात असू द्या: ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा फिरवणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना केली. वर्षअखेर फारसा फरक निघाला नाही.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. पडल्यानंतर हात उचलेना, सांधा लाल होऊन ताप आला, किंवा डाव्या हाताबरोबर छाती दाबतेय, घाम सुटतोय, तर व्यायाम नाही, तडक दवाखाना. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरही खांदा आखडतो. त्या बाईला व्यायाम हवाच, पण तिला शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली.

आणखी एक बोलायचं राहिलं. घरात पंधरा मिनिटं भिंतीशी उभं राहिलेली बाई 'रिकामी' दिसते. लगेच हाक येते, चहा टाक. नवऱ्याचा खांदा धरला तर त्याची पाटी कोण उचलतं, विचारा. तुमची पाटी कोण उचलेल हे घरात आधी ठरवा, व्यायाम मग. आणि घरी जमत नसेल तर बचत गटाच्या बैठकीत करा. वही उघडण्याआधी पाच मिनिटं. इथे भिंत आहे, कोळसा मी आणलाय. ज्यांचे खांदे दुखतात त्या आधी या, बाकीच्या त्यांच्या मागे.