काका बॅप्टिस्टा आणि नगरसेवेचे व्रत
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आपल्या समाजातील एका थोर पुरुषाविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. जोसेफ बॅप्टिस्टा हे नाव आपणांस अपरिचित नाही. सारी मुंबई त्यांना 'काका' म्हणे. लोकमान्य टिळकांचे स्नेही आणि १९१६ साली बेळगावास स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष म्हणून इतिहासाने त्यांची नोंद घेतली आहे. परंतु ज्या कामात त्यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे वेचली, ते नगरसेवेचे काम मात्र आपण विसरत चाललो आहोत. त्याचेच स्मरण करावे, असा माझा हेतू आहे.

काकांचे घराणे मूळचे उत्तनचे. त्यांचा जन्म माझगावच्या माथारपाखाडीत १७ मार्च १८६४ रोजी झाला. शिक्षणाचा आरंभ माझगावच्या सेंट मेरीज शाळेत झाला. पुढे पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकून त्यांनी काही काळ सरकारी नोकरी केली. नंतर ते विलायतेस गेले, केंब्रिजला शिकले आणि बॅरिस्टर होऊन परतले. अशा गृहस्थाने वकिली करून सुखाने राहावे, हाच जगाचा रिवाज. काकांनी तसे केले नाही. १९०१ साली ते मुंबईच्या महापालिकेत निवडून गेले आणि पुढे सतरा वर्षे त्या सभागृहात बसले.

ती महापालिका कशी होती, हे ध्यानी घेतल्यावाचून या सेवेचे मोल कळावयाचे नाही. १८८८ च्या कायद्याप्रमाणे सभासद ७२. त्यांपैकी विभागांतील करदात्यांनी निवडावयाचे केवळ ३६. उरलेल्यांत १६ सरकारनियुक्त, १६ जस्टिस ऑफ दि पीस यांनी निवडलेले, आणि विश्वविद्यालय व व्यापारी मंडळ यांचे दोन दोन. जो कर भरी, त्यालाच मत. चाळीतल्या भाडेकरूला १९२२ च्या सुधारणेपर्यंत मताचा अधिकारच नव्हता. कारभाराची सूत्रे सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती. मग सभासदाच्या हाती काय उरे? दोन गोष्टी: पैशाची मंजुरी आणि प्रश्न विचारण्याचा हक्क. अमुक गल्लीत नळ का नाही, अमुक गटार का तुंबले, अमुक रकमेचा हिशेब कोठे आहे, हे विचारावयाचे. आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारावयाचे. १८९६ साली आलेल्या प्लेगच्या छायेत शहर अद्याप वावरत होते. अशा काळी गटाराचा प्रश्न हा जिवाचाच प्रश्न होता.

बंधूंनो, या कामात टाळ्या नाहीत. व्यासपीठावरील भाषण वर्तमानपत्रात छापून येते. पण दुरुस्त झालेल्या मोरीवर कोणी सभासदाचे नाव कोरीत नाही. असे काम वर्षानुवर्षे करणे याला मी व्रत म्हणतो.

मजुरांविषयीची काकांची कळकळही याच व्रताची शाखा होय, असे मला वाटते. नळ आणि गटार यांचा अभाव ज्याला सर्वांत अधिक जाचतो, तो चाळीतला गिरणीकामगारच. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा काका तिच्या संस्थापकांत होते. १९२१ साली झरिया येथील दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. पुढे १९२५ साली मुंबई महापालिकेने त्यांना आपला अध्यक्ष निवडले. 'महापौर' ही पदवी त्या पदास १९३१ साली मिळाली. तोवर काका हयात नव्हते. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपला समाज संख्येने अल्प. अल्पसंख्याकांच्या मनात एक भीती नेहमी घर करून असते, ती अशी की, सार्वजनिक कामात आपले कोण ऐकणार? त्यापेक्षा आपली पाखाडी बरी आणि आपण बरे! काकांचे चरित्र या भीतीला उत्तर आहे. पाण्याचा नळ घरमालकाचा धर्म विचारीत नाही, आणि तो नळ आणून देणाऱ्याचाही धर्म शेजारी विचारीत नाहीत. क्रूसाच्या सावलीत वाढलेला माणूस साऱ्या नगराचा 'काका' झाला, तो आपले घर सोडून नव्हे, तर घराचे दार उघडे ठेवून.

आणि सभासद नसला म्हणजे काय होते, हेही आपल्या पिढीने पाहिले आहे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महापालिकेत लोकनियुक्त सभासद एकही नव्हता. कारभार चालला, कर वसूल झाले. परंतु तक्रार घेऊन जावयाचे दार बंद होते. सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. काकांच्या सतरा वर्षांची किंमत त्या रिकाम्या आसनांनी आपणांस शिकविली.

माझगावच्या टेकडीवर भंडारवाड्याच्या जलाशयावर काकांच्या नावाची बाग आहे. वर मुले खेळतात, खाली नगराचे पाणी साठते. नगरसेवकाला याहून योग्य स्मारक कोणते असणार? पण दगडी स्मारकाने ऋण फिटत नाही. आपल्या तरुणांनी, आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा ज्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत त्या आपल्या भगिनींनीही, मतदारयादीत नाव घालण्यापासून आरंभ करावा, आपल्या प्रभागाचे काम जाणून घ्यावे, आणि योग्यता असेल त्याने उभे राहण्यास कचरू नये. निवडून येणे परमेश्वराच्या आणि मतदारांच्या हाती. प्रश्न विचारीत राहणे मात्र आपल्या हाती आहे.