कन्येची शिदोरी



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आईबापांपुढें चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. अशा प्रसंगीं पूर्वजांनीं आपल्या हातीं काय ठेविलें ह्याचें आपण कृतज्ञतेनें स्मरण करितों. तेव्हां आपण आपल्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, हातीं काय ठेवणार आहों, हा प्रश्नहि ओघानेंच येतो. घरांत मुलगी जन्मास आली कीं बाप दागिन्यांचा नि लग्नखर्चाचा आंकडा मनांत मांडूं लागतो. परंतु त्या आंकड्यांत न मावणारी अशीहि एक शिदोरी आहे. तिच्याविषयीं कोरडा उपदेश करण्यापेक्षां मी आपणांस एका बापाची हकीकत सांगतों.

इटली देशाच्या उत्तरेस, पो नदीच्या कांठीं, क्रेमोना नांवाचें शहर आहे. सोळाव्या शतकांत तेथें आमिल्कारे आंग्विसोला नांवाचे एक कुलीन गृहस्थ राहत असत. घराणें मोठें, पण संपत्ति बेताची. त्यांस व त्यांच्या पत्नी बियांकाबाई ह्यांस सहा मुली आणि एक मुलगा. हुंड्याची चाल त्या देशींहि होती. तेव्हां सहा मुलींच्या बापाची काळजी आपणांस निराळी समजावून सांगावयास नको. ह्या बापानें मात्र काळजी करीत बसण्याऐवजीं मुलींस लॅटिन भाषा, संगीत आणि चित्रकला शिकविण्याचा निश्चय केला.

सर्वांत थोरली सोफोनिस्बा. हिचा जन्म सुमारें १५३२ सालचा. आमिल्कारे हे धंद्यानें चित्रकार नव्हते. त्या काळीं एखादी मुलगी चित्रकला शिकलीच, तर ती बहुधा चित्रकाराचीच मुलगी असे आणि बापाच्या हाताखालीं रंग घोटतां घोटतां शिके. कुलीन घरच्या मुलींनीं परक्या गुरूच्या घरीं जाऊन ही विद्या शिकावी, हें नवलच होतें. तथापि १५४६ च्या सुमारास आमिल्कारे ह्यांनीं सोफोनिस्बा व तिच्या पाठची एलेना ह्या दोघींस बेर्नार्दिनो कांपी ह्या चित्रकाराच्या घरीं शिकावयास ठेविलें. पुढें कांपी मिलानास गेले, तेव्हां दुसरा गुरु पाहून दिला. जें आपणांस पुरेसें येत नाहीं तें मुलीस शिकवितां येत नाहीं असें म्हणून हा बाप थांबला नाहीं. ज्यास येतें त्याच्या दाराशीं तो मुलीस घेऊन गेला.

दाराच्या आंत गेल्यावरहि सर्व मार्ग मोकळे नव्हते. मनुष्यदेहाचा जो प्रत्यक्ष अभ्यास पुरुष चित्रकार करीत, तो स्त्रियांस वर्ज्य होता. त्यामुळें मोठमोठ्या प्रसंगचित्रांची वाट तिला जवळजवळ बंदच होती. मग सोफोनिस्बेनें काय करावें? तिनें आपलें घरच चित्रांत आणिलें. १५५५ सालीं तिनें काढिलेल्या एका चित्रांत तिच्या तिघी बहिणी बुद्धिबळें खेळत आहेत, धाकटी गालांत हसत आहे, आणि घरची वृद्ध दासी बाजूस उभी राहून पाहत आहे. हें चित्र आज पोलंडांतील पोझनान शहरीं आहे. जें मिळत नाहीं त्यासाठीं रडत न बसतां जें हातीं आहे तें नीट पाहावें, हा धडा ह्या एका चित्रांत आहे.

आतां बापाची खरी थोरवी पाहा. मुलीचें कौतुक करणारे नातलग घरोघर मिळतात. दोष दाखविणारा जाणता मात्र शोधावा लागतो. आमिल्कारे ह्यांनीं शोधिला तो प्रत्यक्ष मायकेलांजेलो! त्या वेळीं त्या महापुरुषाच्या वयास ऐंशी वर्षें उलटून गेलीं होतीं. आमिल्कारे ह्यांनीं १५५७ सालीं त्यांस पत्र लिहून मुलीकडे लक्ष पुरविल्याबद्दल आभार मानिले, आणि विनंति केली कीं, आपल्या हातचें एखादें रेखाचित्र पाठवावें. माझी मुलगी तें तैलरंगांत रंगवून परत करील. तीं पत्रें अद्यापि जतन केलेलीं आहेत.

सोफोनिस्बेनें काढिलेलें हसऱ्या मुलीचें चित्र पाहून मायकेलांजेलो म्हणाले कीं, रडणारा मुलगा काढणें ह्याहून कठिण आहे. तेव्हां तिनें खेंकड्यानें बोट पकडल्यामुळें रडणारा एक लहान मुलगा काढिला. हा तिचा धाकटा भाऊ आस्द्रुबाले असावा असें मानितात. हें चित्र इतकें साधलें कीं, १५६२ सालीं मायकेलांजेलोंचे स्नेही काव्हालिएरी ह्यांनीं तें फ्लॉरेन्सच्या ड्यूकांस भेट म्हणून पाठविलें. नुसत्या "शाबास" शब्दानें जें झालें नसतें, तें एका अवघड प्रश्नानें झालें.

सहाहि मुली मोठ्या चित्रकार झाल्या काय? नाहीं. एलेनेनें कुंचला बाजूस ठेवून डॉमिनिकन संघांत व्रत घेतलें. संन्यासिनीच्या वेषांतील तिचें चित्र सोफोनिस्बेनेंच रंगविलें आहे. धाकट्या बहिणींस सोफोनिस्बेनें स्वतः चित्रकला शिकविली. त्यांपैकीं लुचिया ऐन तारुण्यांत वारली. बापानें विद्या दिली ती फळ मोजून दिली नाहीं. मठांत गेलेल्या मुलीवर केलेला खर्च वांया गेला, असें ज्यास वाटेल त्यास विद्येचें मोल समजलें नाहीं असेंच म्हणावें लागेल.

आणि ज्या मुलीस यश आलें, तिला दूर जाऊं द्यावें लागलें. १५५९ सालीं स्पेनच्या दरबारीं सोफोनिस्बेस बोलावणें आलें. तेथें तिनें तरुण राणी एलिझाबेथ हिला चित्रकला शिकविली, आणि १५६१ सालीं पोप चौथे पायस ह्यांच्या इच्छेवरून राणीचें चित्र काढून रोमास पाठविलें. घरीं मात्र एक चित्र अपुरें राहिलें. त्यांत आमिल्कारे बसलेले आहेत, मुलगा जवळ आहे, मिनेर्वा नांवाची मुलगी बाजूस आहे. हें अपुरें चित्र सध्यां डेन्मार्क देशांत आहे. बापाची शिकवण सफळ झाली कीं लेक दूर जाते, आणि घरांत कांहींतरी अपुरें राहतें. हें मोल बापानें आनंदानें द्यावयाचें असतें.

बापानें लाविलेली ही गोडी किती टिकली म्हणाल? १६२४ सालीं तरुण चित्रकार व्हॅन डाइक पालेर्मो येथें तिच्या भेटीस गेला. वय नव्वदीच्या पुढें, दृष्टि मंद, परंतु बुद्धि तल्लख. आपलें चित्र काढूं लागलेल्या त्या तरुणास ती सांगते कीं, उजेड फार उंचावरून घेऊं नको, नाहींतर सुरकुत्यांच्या छाया फार गडद होतील! पुढच्याच वर्षीं ती निवर्तली.

कोणी म्हणेल, इतक्या दूरचें उदाहरण कशास? तर आपल्या मुंबईचेंच घ्या. आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे गोव्याचे सुपुत्र. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकले नि तेथेंच शिक्षक झाले. त्यांची कन्या आंजेला (१९०९–१९८०) प्रथम बापाजवळ आणि मग त्याच शाळेंत शिकली. बाप पाश्चात्य धर्तीवर हुबेहूब व्यक्तिचित्रें काढण्यांत निष्णात. मुलीनें पुढें पवित्र मातेस भारतीय वेष देऊन रंगविलें. हात बापाचा, वाट स्वतःची!

बंधूंनो, आपल्यांतील प्रत्येकास चित्र काढतां येतें असें नाहीं, आणि प्रत्येक मुलगी चित्रकार होणार आहे असेंहि नाहीं. कोणाची गायनांत, कोणाची शिवणकामांत, कोणाची गणितांत गति असेल. परंतु दिवसाकाठीं अर्धा तास तिच्याजवळ बसणें, तिनें केलेलें काम लक्ष देऊन पाहणें, तिला एक अवघड प्रश्न विचारणें, आपणांहून जाणता गुरु तिच्यासाठीं शोधणें, आणि वेळ आली म्हणजे तिचा हात सोडणें, ह्यांपैकीं एकाहि गोष्टीस श्रीमंती लागत नाहीं. सोनें मोडतां येतें, गहाण पडतें; बापाच्या सहवासांत शिकलेलें मात्र शेवटपर्यंत लेकीजवळ राहतें. ही शिदोरी आपल्या घरोघरच्या कन्यांस लाभो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.