विद्याताईंना आदरांजली



३० जानेवारी २०२० रोजी विद्याताई बाळ गेल्या. त्यांचे स्मरण करताना १९८२ साल आठवते. मंजुश्री सारडा हिच्या मृत्यूने पुणे हादरले आणि ताईंनी सहकाऱ्यांसह नारी समता मंच उभा केला. ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेले. गप्प बसलेल्या बायकांसाठी ‘बोलते व्हा’ केंद्र काढले.

आपण पिढ्यान्‌पिढ्या इंदूरला राहून भाषा जपली, गणेशोत्सव जपला. सोबत ‘घरातले घरातच राहू दे’ ही सवयही जपली. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला ‘थोडे सोस’ म्हणत आपणच परत पाठवले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घराचा हक्क दिला. पण पहिले दार माहेरचेच उघडावे लागते. ते आपण उघडू या. ताईंना तीच खरी आदरांजली.